३ लाख ४० हजार किमीची कॅम्पर, रोज भुईंज–पुणे–भुईंज. अजून दोन-तीन वर्षं काढायची आहेत

ग्रिलवाला_भुईंज

नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो कॅम्पर, २०१८ चं मॉडेल, बीएस-४, २५२३ सीसी. मी दुसरा मालक. घेतली तेव्हा दीड लाखाच्या आत चाललेली होती, आता मीटरवर ३ लाख ४० हजार आहेत.

माझं फॅब्रिकेशनचं काम. ग्रिल, रेलिंग, गेट, पत्र्याची शेड. शॉप गावात, पण कामं सगळी नऱ्हे, आंबेगाव, धायरी, सिंहगड रोड या पट्ट्यात. तिकडं गाळा घ्यायचा तर भाड्यातच सगळं जाईल, म्हणून मालावरचं काम गावात आणि बसवायचं काम पुण्यात असं चाललंय. सकाळी सहाला निघायचं, मागच्या सीटवर तीन पोरं, हौद्यात वेल्डिंग मशीन, कटर, पाईप, अँगल. सहा-सातशे किलो वजन रोजचंच. जाऊन-येऊन १६५ किमी धरा. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना खंबाटकीचा घाट. रविवारी सुट्टी.

गाडीनं आतापर्यंत कमवून दिलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता ती मधेच थांबायला लागली. गेल्या महिन्यात सारोळ्याच्या पुलाच्या अलीकडे फॅन बेल्ट तुटला. टेंपरेचरचा काटा वर जाताना दिसला, लगेच कडेला घेऊन बंद केली म्हणून इंजिन वाचलं. टोचन लावून शिरवळला नेली. अर्धा दिवस तिथंच. पोरांचा रोज द्यावा लागला तो लागलाच, वर साईटवरचा सुपरवायझर फोनवर जे बोलला ते इथं लिहीत नाही. त्याच्या आधी सेल्फ (स्टार्टर), त्याच्या आधी रेडिएटरचा खालचा पाईप. दर वेळी खर्च दोन-चार हजारांचा, पण नुकसान दिवसाचं.

आता प्रश्न. साठ-पासष्टच्या स्पीडला गाडी थरथरते, पुढं गेलं की कमी होतं. दहा हजार किमीला ऑइल बदलतो, तेवढ्यात अर्धा-पाऊण लिटर कमी झालेलं असतं, धूर मात्र नाही. एका गॅरेजवाल्याने "हाफ इंजिन करून घ्या" म्हणून (म्हणजे इंजिन उघडून रिंगा, बेअरिंग बदलायचं) साठ-सत्तर हजारांचा आकडा सांगितला. घरचे म्हणतात विकून टाका. मला वाटतं पोरीची बारावी होईपर्यंत नवीन हप्ता नको. तर थांबायच्या आधीच काय काय बदलून घ्यावं, आणि कशावर पैसे घालू नयेत? ॲव्हरेज बाराच्या आसपास आहे. तेवढ्यासाठी कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंतच्या उताराला मी न्यूट्रलला सोडतो. अजून कुठं वाचवता येईल तेही सांगा.

हप्तेवाले_बंडोपंत

विका. भावनेचा प्रश्न नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी फिटनेस असतो, आठ झाली की दरवर्षी. वर पर्यावरण कर. तुमची २०१८ ची, म्हणजे ती वेळ आलीच. आठच्या आत विकली तर गिऱ्हाईक बरं मिळतं. नवीन गाडीत निदान झोप तरी लागेल.

निवृत्त_पाना

बंडोपंतांचा फिटनेसचा मुद्दा बरोबर आहे. पण हिशेब पुरा करा. आठ लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर महिना सतरा हजारांच्या वर हप्ता बसतो, आणि नवीन गाडीला ऑइल, टायर, विमा लागत नाही असं थोडंच आहे? ग्रिलवाले महिन्याला सव्वाचार हजार किमी चालवतात. त्यांनी किलोमीटरमागे दोन रुपये रोज वेगळ्या डब्यात टाकले तरी महिन्याला साडेआठ हजार होतात. तेवढ्यात ही गाडी माझ्या मते चांगली ठेवता येते. फक्त ती कशी ठेवायची ते बदलावं लागेल.

मी एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य काढलं. हेल्पर म्हणून लागलो, मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे बस लाखो किलोमीटर चालायची, आणि ती काही जादूने चालत नव्हती. डॉकिंग नावाचा प्रकार होता. ठरलेले किलोमीटर झाले की बस मार्गावरून काढायची, काही बिघाड असो वा नसो, पिटवर (खाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यावर) घ्यायची आणि खालून वरपर्यंत बघायची. ड्रायव्हरची तक्रार नाही म्हणून सोडून दिलं, असं चालत नसे. तुम्ही आता करताय ते उलटं आहे. गाडी बोलेल तेव्हा बघायचं. ३ लाख ४० हजारला गाडी बोलते ती रस्त्यावरच.

गाडी म्हातारी कशाने होते आणि रस्त्यात कशाने थांबते, ही दोन वेगळी खाती आहेत. इंजिन घासतं, गिअरबॉक्स घासतो, ते वर्षानुवर्षं चालतं आणि आधी कळतं. थांबवतात ते रबर, बेल्ट, बेअरिंग, तारा आणि पाण्याचे पाईप. तुमची यादीच बघा की: बेल्ट, सेल्फ, पाईप. तिन्हींत इंजिनाचा काय दोष? आणि गॅरेजवाला मात्र इंजिन उघडायला निघालाय.

आधी बेल्टचं. नुसता बेल्ट बदलून घेतला असेल तर काम अर्धंच झालंय. बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) आणि आयडलर पुली (बेल्टला नुसती वाट देणारी) बदलायची. पुलीचं बेअरिंग खरखरत असेल तर नवा बेल्टही तो वर्षभरात खाईल. इंजिन बंद असताना बेल्ट उतरवून पुली हाताने फिरवा. गपचूप फिरली तर ठीक, वाळू असल्यासारखी वाजली की बदला. त्याच वेळी वॉटर पंपाचा शाफ्ट हलवून बघा, त्याच्याखाली वाळलेल्या कूलंटचा ओघळ दिसतो का बघा. आणि अल्टरनेटरच्या मागे बघा, तिथं व्हॅक्यूम पंप बसलेला असेल. म्हणजे तो एक बेल्ट तुटला की बॅटरीचं चार्जिंग जातं, इंजिनाचं पाणी फिरायचं थांबतं आणि ब्रेकच्या बूस्टरला (पेडलला जोर देतो तो) व्हॅक्यूम मिळायचा बंद होतो. त्या पंपाला ऑइलचा बारीक पाईप येतो. तो झिरपायला लागला की ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरतं आणि मग लोक अल्टरनेटर बदलत बसतात. तुमचं अर्धा लिटर ऑइल कुठं जातंय ते आधी इथं शोधा.

आता न्यूट्रल. इथं मी जरा आवाज चढवणार आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती अपघात झालेत हे पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यातल्या कितीतरी गाड्या न्यूट्रलला सोडलेल्या होत्या, असं पोलीस आणि आरटीओ वर्षानुवर्षं सांगताहेत. आणि गंमत अशी की तुमचं डिझेल वाचतच नाही. तुमचं इंजिन कॉमन रेलचं आहे, म्हणजे डिझेल कधी-किती द्यायचं ते गाडीचा कॉम्प्युटर (ईसीएम) ठरवतो. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ईसीएम इंजेक्टरला डिझेल देणंच बंद करतो. चाकं इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला आयडलवर जिवंत राहायला डिझेल प्यावंच लागतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि उलट जाळलंत. वर सातशे किलो आणि चार माणसांचा सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतात, ब्रेकचे लायनर गुळगुळीत होतात, ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. आणि कुणी इंजिनच बंद करत असेल तर दोन-तीन वेळा पेडल मारल्यावर बूस्टर रिकामा, पुढं पेडल दगडासारखं. तिसऱ्या गिअरला या. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर या रविवारी बदला. ते हवेतला ओलावा ओढतं, बाटली उघडी राहिली तरी ओढतं. म्हणून अर्धी वापरलेली जुनी बाटली दुकानदाराने पुढं केली तर घेऊ नका.

थरथरीबद्दल. थरथर हातात येते की बुडाला लागते, ते सांगा. स्टेअरिंग हलत असेल तर पुढचे टायर, बॅलन्सिंग, टाय रॉड. सीट आणि तळाचा पत्रा थरथरत असेल तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणारा दांडा): त्याच्या सांध्यातला क्रॉस गेला असेल किंवा मधल्या बेअरिंगचं रबर फाटलं असेल. ठरावीक स्पीडला येऊन जाणारी थरथर बहुतेक या दोघांतलीच असते. शाफ्ट उतरवताना मेकॅनिकला आधी खडूने किंवा पंचने खूण करायला लावा. फ्लँज होता तसाच परत बसला पाहिजे. खूण न करता उतरवला आणि उलटा बसवला तर नवा क्रॉस टाकूनही थरथर राहते आणि मग टायरवाल्याच्या नावाने खडे फोडले जातात.

पाण्याचे सगळे पाईप एकदम बदला. खालचा फुटला म्हणजे वरचाही त्याच वयाचा आहे. क्लिप नव्या घ्या, रेडिएटरचं झाकण नवीन घ्या. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की दाब धरत नाही, आणि दाब नसला की पाणी लवकर उकळतं. घाटात काटा वर जाण्याचं हे एक स्वस्तातलं कारण आहे. कूलंट पुस्तकात दिलेलंच. विहिरीचं पाणी घालू नका, आपल्याकडच्या पाण्याने आत खरवड धरते. अजून एक, तुम्ही भुईंजचे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाचं पाचट आणि धूळ किती असते ते तुम्हाला सांगायला नको. ते सगळं रेडिएटरच्या जाळीत आणि एअर फिल्टरमध्ये जातं. हंगामात रेडिएटर पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, बारीक धारेने धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने समोरून मारलं तर जाळीच्या पट्ट्या वाकतात आणि हवा जायची ती पण बंद होते.

सेल्फ बदलला म्हणालात. बदलायच्या आधी कुणी अर्थिंग बघितलं होतं का? इंजिन ते चॅसिस अशी एक जाड पट्टी असते, ती गंजते. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं साठतं. मग सेल्फ 'टक' करतो आणि बिचारा बदलला जातो. एक साधा मल्टिमीटर घ्या. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बॅटरी १२.६ च्या आसपास पाहिजे, सुरू केल्यावर १३.८ ते १४.४. खाली असेल तर अल्टरनेटर किंवा बेल्ट, १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर. वेल्डिंगवाले आहात म्हणून खास सांगतो: गाडीच्या हौद्यावर किंवा चॅसिसवर वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा आणि अर्थचा क्लँप वेल्डच्या अगदी जवळ लावा. नाहीतर करंट ईसीएम शोधत जातो.

आणि इंजिन. ते उघडू नका. हायवेवर एका लयीत चाललेले तीन लाख किलोमीटर हे शहरात सिग्नलला थांबत चाललेल्या दीड लाखापेक्षा इंजिनाला बरे असतात. दहा हजारात अर्धा लिटर ऑइल गेलं तर त्याला आजार म्हणत नाहीत. खात्री करायची असेल तर गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं. झाकण उडायला लागलं आणि भकाभका धूर आला, तर रिंगा गेल्या म्हणा आणि गॅरेजवाल्याचा फोन लावा. ऑइल काळं दिसतं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल काळंच होतं.

सासवडची_४०७

काका, छान लिहिलंय. मी फुलांची वाहतूक करते, टाटा ४०७, पहाटे मार्केट यार्डला. आमच्याकडे दिवे घाट आहे, त्यामुळे न्यूट्रलवाल्यांबद्दल तुमच्यापेक्षा जास्त राग मला आहे.

मला दोन गोष्टी घालायच्या आहेत. एक म्हणजे वही. गाडीतच, डॅशबोर्डात. डिझेल किती भरलं, मीटर किती, काय बदललं, कुठल्या कंपनीचं बदललं. माझ्या भावाला वाटायचं मी हिशेबाची हौस म्हणून लिहिते. पण ॲव्हरेज तीन-चार टाक्या सलग खाली आलं की मी ब्रेक बघायला लावते, कारण कुठंतरी लायनर घासत असतो. लक्षात ठेवून हे कळत नाही. कारण ॲव्हरेज एकदम पडत नाही, हळूहळू सरकतं.

दुसरं डिझेल. कॉमन रेलच्या इंजेक्टरला पाणी अजिबात चालत नाही. फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू महिन्यातून एकदा सोडा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. बाटलीत घेऊन बघा, पाणी खाली बसतं ते दिसतं. टाकी तळाला जाईपर्यंत चालवू नका. आणि फिल्टर ओळखीच्या दुकानातूनच, पक्कं बिल घेऊन. डुप्लिकेट फिल्टरचा डबा हुबेहूब असतो.

टायरबद्दल काका काही बोलले नाहीत. रिमोल्ड टायर (जुन्यावर नवा थर चढवलेले) मागं टाकतात बरेच जण. मी टाकत नाही. एप्रिल-मेमध्ये रस्ता तापलेला, वजन भरलेलं, आणि थर सुटला की पट्टा चाकाभोवती फडफडत मडगार्ड फाडतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. नक्षी कितीही शिल्लक असली तरी जुना टायर मी घेत नाही.

निवृत्त_पाना

ताई, वहीला शंभरपैकी शंभर. रिमोल्डच्या बाबतीत मात्र आपलं जमणार नाही. एसटीत आम्ही रिमोल्ड वर्षानुवर्षं मागच्या चाकांना वापरले. पुढं कधीच नाही, मागं बिनधास्त. केसिंग चांगलं पाहिजे, हवा रोज बघितली पाहिजे. थर सुटतो तो बहुतेक हवा कमी असल्याने बाजू तापून. पण आमच्याकडे मागं जोडचाकं होती, एक गेलं तर दुसरं धरायचं. ग्रिलवाल्यांच्या गाडीला मागं एकेकच चाक. तेवढ्यापुरतं तुमचं खरं धरतो.

सासवडची_४०७

तेवढ्यापुरतं कशाला, पूर्ण धरा.

ग्रिलवाला_भुईंज

काका, ताई, मनापासून आभार. न्यूट्रलचं वाचून पोरांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यातला एक म्हणाला "मी सांगत होतो". सांगत नव्हता, पण असो.

थरथर बुडाला लागते, स्टेअरिंग गप्प आहे. झाकणाची टेस्ट केली, झाकण जागेवरच, किंचित थरथर. व्हॅक्यूम पंपाच्या पाईपला खरंच ओल आहे, अल्टरनेटरची खालची बाजू चिकट झाली आहे. हे आजपर्यंत एकाही मेकॅनिकने दाखवलं नव्हतं.

आता सगळं एकदम करायचं तर गाडी किती दिवस उभी ठेवावी लागेल? मला एक रविवार मिळतो. फार तर सोमवारची सकाळ. आणि क्लच? सध्या काही त्रास नाही, पण मी घेतल्यापासून एकदाही बदललेला नाही.

निवृत्त_पाना

एका रविवारात सगळं कोंबू नका. घाईत केलेलं काम बोल्ट सैल ठेवून जातं. या रविवारी पाणी आणि बेल्टचं: पाईप, झाकण, कूलंट, टेन्शनर, आयडलर, व्हॅक्यूमचा ऑइल पाईप. हे पुढचं सगळं एकाच बाजूला आहे, एकदा पाणी सोडलं की हात लागलेलाच असतो. पुढच्या रविवारी गाडीखाली: शाफ्टचे क्रॉस, मधलं बेअरिंग, मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर, ब्रेक ऑइल. ड्रमच्या आत ओल दिसली तर सिलिंडर झिरपतोय. सस्पेन्शनचे पाटे त्याच वेळी बघा. वरून दिसत नाहीत, यू-बोल्टजवळ मुख्य पाट्याला केसाएवढी चीर जाते आणि गंजाची बारीक रेघ बाहेर येते. तुम्ही रोज लोखंड वाहता, पाईप पुढं-मागं एकीकडे टाकलेले असतात, म्हणून डावा-उजवा पाटा वेगवेगळा बसलाय का तेही मोजा. यू-बोल्ट कसून घ्या, आठवड्याने वजन भरून परत एकदा कसा.

आमच्याकडे जुना मिस्त्री हातोडीने नट वाजवत बसभोवती फिरायचा. कसलेला नट खणखणीत वाजतो, सैल नट बद्द वाजतो. तुमचा धंदाच लोखंडाचा, तुम्हाला कान शिकवायची गरज नाही. चाकाचे नट, यू-बोल्ट, शाफ्टचे बोल्ट, रविवारी एक फेरी मारा.

रोजचं काम एवढंच. पुण्यात पोचल्यावर पोरं सामान उतरवतात तेवढ्यात चारही चाकांच्या मध्यभागी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. चिकटवू नका, जवळ न्या. तीन कोमट आणि एक चटका देणारं असेल तर त्या चाकाचं बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय. बेअरिंग जाम होऊन एक्सलवर बसेपर्यंत थांबलात तर मग मात्र खरंच गाडी विकायचा विचार करावा लागेल.

क्लच: खंबाटकी चढताना वरच्या गिअरला पाय दाबला आणि इंजिनाचा आवाज वाढला पण गाडीने जोर धरला नाही, की तो घसरायला लागला असं समजा. तोपर्यंत राहू दे. मात्र पैसे बाजूला ठेवा. बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच लागते, आणि पाचशे-हजार वाचवायला बेअरिंग जुनं ठेवलं तर तीच मजुरी परत.

पुढं दर दहा हजाराला, म्हणजे तुम्हाला सव्वादोन महिन्यांनी, ऑइल बदलायला जाल तेव्हा गाडी पिटवरच घ्यायला लावा. ऑइल गळत असतं तेवढा वेळ खाली टॉर्च घेऊन स्वतः उभे राहा. मेकॅनिकला आवडत नाही. उभे राहा.

हप्तेवाले_बंडोपंत

माझं म्हणणं कायम आहे, पण डब्यात दोन रुपये टाकायची आयडिया मी माझ्या गाडीला लावतोय.

ग्रिलवाला_भुईंज

दोन्ही रविवार झाले. शाफ्टचा मागचा क्रॉस हाताला खडखड लागत होता, मधल्या बेअरिंगचं रबर एका बाजूने फाटलेलं. खूण करायला लावली, मेकॅनिक हसला, पण केली. थरथर गेली. आयडलर पुली वाळूसारखीच वाजली, बदलली. उतरवलेला बेल्ट नवाच होता, तो परत चढवला, आणि अजून एक नवीन घेऊन सीटखाली ठेवलाय, सोबत टेन्शनर सोडायला लागणारा पाना आणि कूलंटचा डबा. सगळं मिळून इंजिन हाफ करायच्या आकड्याच्या पाव भागात झालं. पर्यावरण कर आणि फिटनेसची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे.

तिसऱ्या गिअरला उतरतो. ॲव्हरेज कमी झालेलं नाही.

एकच राहिलं. परवापासून हात लावून बघतोय, तर मागचं उजवं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागतं. चटका नाही, पण फरक कळतो. ड्रम नुकतेच उघडले होते, लायनर बदलले नाहीत, जाड होते. बेअरिंगचा आवाज येत नाही.

निवृत्त_पाना

ड्रम उघडल्यावर ॲडजस्टर एका बाजूला जास्त कसला गेला असेल, हे पहिलं. मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि एकेक चाक हाताने फिरवा. न्यूट्रल वापरायची परवानगी तेवढ्यापुरती आहे. उजवं जड फिरलं तर ॲडजस्टर एक-दोन दाते सोडून परत बघा. तरीही जड असेल तर हँडब्रेकची केबल. पावसात पाणी जाऊन ती आवरणात गंजते, लिव्हर खाली जातो पण केबल पूर्ण परतत नाही. तेल घालून फार दिवस चालत नाही, नवीनच टाका. आणि ते चाक मोकळं फिरतंय तरी गरम लागतं, असं निघालं तर बेअरिंगचं ग्रीस बघा, जास्त ठासून भरलं असेल तरी तापतं. काय निघालं ते इथं लिहा.